नाणे आधी वाचा, मग विकत घ्या

ईदनंतर शाळा उघडली त्या आठवड्यातली गोष्ट. आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी घुटमळत होता. हातात रुमालाची पुरचुंडी. शेवटी हळूच विचारले, "टीचर, जुने सिक्के कुठे विकतात?"

पुरचुंडीत माता वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे होते आणि कधीतरी ईदी म्हणून मिळालेली, ७८६ क्रमांकाची एक नोट. त्याच्या अम्मीने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. असे नाणे असेल तर पाच लाख, अशी नोट असेल तर त्याहून जास्त. तिने दिलेल्या नंबरवर फोन केला. आधी नोंदणीची फी मागितली, मग जीएसटी, मग 'रिझर्व्ह बँकेचा परवाना'. तीन वेळा मिळून साडेसहा हजार रुपये गेले आणि नंबर बंद झाला. बाई घरी मशीनवर पिको-फॉल करते. त्या पैशात मुलाच्या क्लासची फी होती. नवऱ्याला सांगायची तिची हिंमत होत नव्हती. मुलाला वाटत होते, सिक्के खरोखर विकले तर अम्मीचे पैसे भरून निघतील.

मी आधी त्याच्या अम्मीला बोलावून घेतले. दोघींनी बसून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण आठवडा उलटून गेला होता. अशा वेळी पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तरच पैसे अडवता येण्याची आशा असते. ते पैसे अजून आलेले नाहीत.

बहिणींनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँक जुनी नाणी-नोटा विकण्याच्या व्यवहारात पडत नाही, त्यासाठी कोणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही आणि दुसऱ्या कोणाला तसा अधिकारही देत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने तसे जाहीर निवेदनच काढले होते. वैष्णोदेवीचे ते नाणे २०१२ साली निघाले. एवढ्या अलीकडचे, चलनातले नाणे लाखाला जाईलच कसे? ७८६ ची नोट एखादा शौकीन थोडे जास्त देऊन घेईलही, पण लाखाची बात सोडा. आणि विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे, असा सौदा कोणत्याही बाजारात नसतो.

मुलाची मात्र समजूत पटेना. मग एका रविवारी, त्याच्या अम्मीची परवानगी घेऊन, मी त्याला बाजारच दाखवायला नेले.

माझगावहून जे.जे.च्या बाजूने भेंडीबाजारात शिरले की मटण स्ट्रीट दूर नाही. हाच आपला चोरबाजार. काही जण म्हणतात, मूळ नाव 'शोर बाजार' होते. इथली जुन्या वस्तूंची दुकाने शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुम्म्याचा बाजार भरतो. नाणी दोन्हीकडे मिळतात, पण फरक आहे. रस्त्यावर चादरीवर ढीग असतो. भाव कमी, पण खोटा मालही त्यातच, आणि पुढच्या जुम्म्याला तो विक्रेता त्याच जागी भेटेल याचा भरवसा नाही. दुकानदार मात्र उद्याही तिथेच बसलेला असतो.

आम्ही एका वयस्कर दुकानदारांकडे गेलो. त्यांनी मुलाचे नाणे उलटसुलट पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, याचे पाच रुपये. चहावाल्याकडेही तेवढेच मिळतील." मुलाचा चेहरा उतरला. ते त्यांच्या लक्षात आले असावे. त्यांनी कपाटातून एक चांदीचा रुपया काढून त्याच्या तळहातावर ठेवला आणि विचारले, "वाच बरे, काय लिहिलेय?"

तो निजामाच्या हैदराबादचा, आपल्या मराठवाड्यातही चाललेला हाली सिक्का होता. एका बाजूला चारमिनार. मुलगा उर्दू माध्यमाचा, त्याने अक्षरे लावायला सुरुवात केली, "निजामुल्मुल्क... आसफजाह... बहादुर." चारमिनारच्या कमानीत एक छोटा 'ऐन' होता. हा 'ऐन' म्हणजे उस्मान अली खान, शेवटचा निजाम. त्याच्या वडिलांच्या, महबूब अली खानांच्या सिक्क्यावर तिथेच 'मीम' असतो. '९२' हा आकडाही होता. हरफांच्या अबजद हिशेबात 'मुहम्मद' या नावाची बेरीज ९२ होते. मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४. ही बेरीज मुलाने बोटांवर केली. साल होते हिजरी १३४०. मी सांगितले, हिजरी सालाला ०.९७ ने गुण आणि ६२२ मिळव. त्याने तिथेच हिशेब केला आणि म्हणाला, "टीचर, १९२१-२२!"

दुकानदार हसून म्हणाले, "बाजी, माझ्याकडे मोठमोठे शौकीन येतात, पण ही लिखावट वाचता येणारे थोडे." मला जरा वाईटच वाटले, कारण मला माझी दादी आठवली. कोकणातल्या आमच्या घरी दादीच्या गळ्यात राणीछाप, राजाछाप रुपयांची माळ असायची. बहिणीच्या लग्नाच्या वेळी ती सराफाकडे गेली आणि चांदीच्या वजनाने वितळली. कोणती साले होती, ते घरात कोणी वाचलेही नाही. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया होता का, कोण जाणे. त्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक, विशेषतः मुसलमान, नाराज झाले. सरकारने तो मागे घेऊन बहुतेक माल वितळवला आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट काढली. आज शौकीन तो 'डुकराचा रुपया' मुद्दाम शोधतात.

म्हणून घेण्याआधी आणि विकण्याआधीही वाचायला शिकावे. शिकण्याच्या जागा मुंबईत पुष्कळ आहेत. फोर्टमध्ये सर फिरोजशहा मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचे नाण्या-नोटांचे संग्रहालय आहे. २००४ साली राष्ट्रपती डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांनी त्याचे उद्घाटन केले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही नाणी पाहता येतात. नाशिकजवळ अंजनेरीला तर नाणेशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्थाच आहे. खरे नाणे डोळ्यांत बसले की खोटे आपोआप खटकते.

घरगुती परीक्षाही सोप्या आहेत. व्हिक्टोरिया राणीपासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, जवळजवळ ९२ टक्के चांदीचा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा वाघछाप रुपया निकेलचा, त्याला लोहचुंबक चिकटते. राणीछाप रुपयाला चुंबक चिकटले तर तो खोटा समजावा. १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणून १९३८ च्या रुपयावरचा आकडा खरवडून बदललेलेही मिळतात. आणि हो, जुने नाणे चिंच, राख किंवा टूथपेस्ट लावून घासू नका. चकाकी येते, किंमत उतरते.

विकत घ्यायचे तर पावती देणारा दुकानदार बघावा. महाग नाणी ओसवाल किंवा तोडीवाला यांच्यासारख्या मुंबईतल्या लिलाव कंपन्यांच्या छापील यादीत पाहावीत. घेतली नाहीत तरी बाजारात खरा भाव काय चालतो ते कळते. नवी स्मारक नाणी थेट सरकारी टांकसाळीकडून मागवता येतात. मुंबईची टांकसाळ १८२९ ची. तिच्या नाण्यावर सालाखाली छोटा हिऱ्याचा चौकोन असतो. हैदराबादच्या नाण्यावर तारा, नोएडाच्या नाण्यावर टिंब आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नाही. खिशातले नाणे काढून आताच पाहा.

कायद्याच्याही दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा आखातातल्या भावाला भेट म्हणून पाठवू नका. आणि गावाकडे पाया खणताना नाण्यांचा हंडा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावे लागते. लपवणे गुन्हा आहे.

त्या रविवारी मुलाने खाऊच्या पैशातून कंगोऱ्यांचा एक आणा घेतला. त्यावर किंमत उर्दू, देवनागरी, बंगाली आणि तेलुगू अशा चार लिप्यांत आहे. दुकानदारांनी चिठ्ठीवर साल आणि भाव लिहून सही करून दिली. सोमवारी त्याने तो वर्गात फिरवला आणि चाळीस मुलांनी आपापल्या परीने वाचला.

क्लासच्या फीचे आम्ही शिक्षकांनी पाहिले. त्याच्या अम्मीने अखेर नवऱ्याला सगळे सांगितले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, आधी मला विचारले असतेस तर. ती ७८६ ची नोट तिने पुन्हा कपाटात ठेवली आहे. आता ती ईदीची आठवण म्हणून.