भानू अथय्यांचं ऑस्कर परत का गेलं?

डिसेंबर 2012 मध्ये वेशभूषाकार भानू अथय्या यांनी आपली ऑस्करची बाहुली अमेरिकेतल्या ऑस्कर अकादमीकडे परत पाठवली. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. रागानं किंवा निषेध म्हणून त्यांनी ते परत केलं नव्हतं. आपल्या पश्चात ते इथं नीट सांभाळलं जाईल, याची खात्री त्यांना वाटत नव्हती, एवढंच कारण होतं.

हे ऑस्कर सहजासहजी आलेलं नव्हतं. भानू म्हणजे माहेरच्या भानुमती राजोपाध्ये. त्यांचा जन्म 1929 सालचा, कोल्हापूरचा. वडील अण्णासाहेब चित्रकार होते. मुलगी नऊ वर्षांची असतानाच ते गेले. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात भानूंनी सुवर्णपदक मिळवलं. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या 1953 च्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली होती. पण घर चालवायचं होतं. ‘ईव्हज वीकली’साठी कपड्यांची रेखाचित्रं काढता काढता त्या कपडेच घडवू लागल्या आणि तिथून सिनेमात आल्या. ‘सी.आय.डी.’, ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘गाईड’ हे सगळं त्यांचंच काम. ‘आम्रपाली’तली वैजयंतीमाला अजिंठ्याच्या भिंतीवरून उतरून आल्यासारखी दिसते, कारण तिचे कपडे ठरवताना भानूंनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासली होती.

दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरोंना ‘गांधी’ चित्रपटासाठी त्यांचं नाव डॉली ठाकोर यांनी सुचवलं. काम प्रचंड होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा गांधीजींचा प्रवास कपड्यांतून दाखवायचा होता. शिवाय कस्तुरबा, नेहरू, जिना आणि हजारोंची गर्दी. 1983 च्या एप्रिलमध्ये जॉन मोलो यांच्यासह त्यांना वेशभूषेचं ऑस्कर मिळालं. मोलोंचं ते दुसरं होतं. भानूंचं पहिलं, आणि भारताचंही.

मग ते इथं सांभाळलं जाईल याची खात्री का वाटू नये? भानूंनी स्वतः रवींद्रनाथ टागोरांचा दाखला दिला होता. त्यांचं 1913 चं साहित्याचं नोबेल हे आशियातल्या माणसाला मिळालेलं पहिलं नोबेल. त्याचं पदक 2004 च्या मार्चमध्ये शांतिनिकेतनच्या संग्रहालयातून चोरीला गेलं. सीबीआयनं तपास केला, पण पदक सापडलं नाही. नोबेल प्रतिष्ठाननं विश्वभारती विश्वविद्यालयाला प्रतिकृती दिल्या. विश्वविद्यालयाच्या आवारातल्या संग्रहालयातून नोबेल जात असेल, तर मुंबईतल्या एका घरातलं ऑस्कर किती दिवस टिकणार? भानूंची भीती रास्तच होती.

महाराष्ट्राला आणखी जवळचं उदाहरण खाशाबा जाधवांचं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी 1952 मध्ये कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 1984 मध्ये त्यांचं अपघाती निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. गोळेश्वरला कुस्ती केंद्र उभारण्याचं आश्वासन रखडलं, तेव्हा 2017 मध्ये कुटुंबानं पदकाचा लिलाव करण्याचं जाहीर केलं. ज्या पदकासाठी एका शिक्षकानं आपलं घर गहाण टाकलं, ते विकायला काढायची वेळ यावी, ही नामुष्की त्या कुटुंबाची नाही. ती शासनाची आणि आपल्या सगळ्यांची आहे.

भानू अथय्या 2020 च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. त्याच्या जेमतेम पावणेदोन वर्षं आधी मुंबईत पेडर रोडवर भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं होतं; तेच दहा वर्षं आधी उघडलं असतं, तर कदाचित वेगळं घडलं असतं. आता ती बाहुली परत मागण्यात अर्थ नाही. पण कोल्हापुरात चांगलं दालन उभारता येईल. तिथं पक्की सुरक्षा हवी, वस्तूंचा विमा हवा आणि जतनाचं शिक्षण घेतलेली माणसं हवीत. खाशाबांच्या आठवणी, भानूंची रेखाटनं आणि पहिल्यावहिल्या विजेत्यांचं जे काही घराघरांत उरलं असेल ते, कुटुंबांना सन्मानानं विश्वासात घेऊन, तिथं आणावं. राज्याच्या सांस्कृतिक आणि क्रीडा खात्यांनी मिळून हे काम याच वर्षी हाती घ्यावं.