व्याख्यान नको, नेमणूकपत्र द्या

पोस्ट मोठी आहे. काही पत्रकार मित्रांना झोंबेल. झोंबू द्या.

काल ६ जानेवारी. आमच्या तालुक्यात पत्रकार दिन साजरा झाला. शाल, श्रीफळ, बाळशास्त्रींच्या फोटोला हार, पुढाऱ्यांची भाषणं आणि जेवणाआधी एका प्रेरणादायी वक्त्याचं व्याख्यान. विषय : 'व्यावसायिक जीवनातील नैराश्यावर मात'. साहेब तासभर सांगत होते की साचलेपण मनात असतं, कम्फर्ट झोन सोडा, रोज सकाळी आरशात बघून स्वतःला म्हणा, मी करू शकतो. माझ्या शेजारी साठी ओलांडलेले एक ज्येष्ठ वार्ताहर बसले होते. हळूच म्हणाले, "मला आरशात दिवाळीची थकबाकीच दिसते रे." आम्ही हसलो. घरी येईपर्यंत मात्र माझं डोकं तापलं होतं.

कम्फर्ट झोन म्हणे! आमच्यातल्या कुणाला तो कधी मिळाला होता, जो आता सोडायचाय?

आतलं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तालुक्याचा वार्ताहर म्हणजे बहुतेक ठिकाणी पगार नसलेला माणूस. नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही. गळ्यात ओळखपत्र असतं, तेही जाहिरातीचं टार्गेट पूर्ण होईल तोवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, वर्धापनदिनाची पुरवणी आणि मधेमधे नेत्यांचे वाढदिवस. जाहिरात आणायची आम्ही, वसुली आम्ही करायची, बुडाली तर तीही आमच्याच नावावर. कमिशनवर घर चालतं. म्हणजे पेपरमध्ये नाव पत्रकाराचं, काम वसुली एजंटचं.

मी डिप्लोमा करून या धंद्यात आलो तेव्हा महिना ५०० रुपये मानधन होतं. सोडलं तेव्हा १५०० होतं. एवढ्या वर्षांत बढती एकच, 'वार्ताहर'चा 'तालुका प्रतिनिधी' झालो. घरासाठी कर्ज मागायला बँकेत गेलो तर मॅनेजरने पगारपत्रक मागितलं. मी खिशातून ओळखपत्र काढलं. तो चांगला माणूस होता, चहा पाजला. कर्ज नाही दिलं.

पैशाचं दुखणं तरी सांगता येतं. खरं सडवणारं वेगळंच आहे. एका रस्त्याची बातमी मी फोटोसकट पाठवली होती. पहिल्याच पावसात खडी वर आलेली, गावकऱ्यांची नावानिशी वक्तव्यं, सगळं होतं. रात्री ऑफिसातून फोन आला, "दिवाळीला त्या ठेकेदाराकडून किती आणणार आहेस?" बातमी लागली नाही. दिवाळीत त्याचं पान लागलं, रंगीत. कमिशन मी घेतलं. हो, घेतलं. पोरीच्या शाळेची फी त्यातूनच भरली. त्यानंतर कित्येक वर्षं मी उद्घाटनं, सत्कार आणि निधनवार्ता पाठवत राहिलो. ठेकेदाराच्या पैशावर जगणारा माणूस रस्त्यावर लिहू शकत नाही, आणि लिहू न शकणारा पत्रकार आतून साचतोच. त्यावर आरसा काय करणार?

बाळशास्त्रींचा फोटो लावतो आपण, तर त्यांचंही जरा आठवू. १८३२ साली 'दर्पण' काढलं तेव्हा ते विशीत होते. पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते. 'दर्पण' १८४० मध्ये बंद पडलं, पण त्यांचं पोट पेपरवर नव्हतं, म्हणून लेखणी मोकळी राहिली. हे व्यासपीठावरून कुणी सांगत नाही.

आणि कायदा नव्हता असंही नाही. १९५५ साली श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला. त्यात पुढे अर्धवेळ काम करणारेही आले. मजीठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. आमच्या तालुक्यात त्यातला एक रुपया कुणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. कारण पहिला प्रश्नच असा की, तुम्ही आमचे कर्मचारी आहात याचा कागद दाखवा. तो कागदच कुणी दिलेला नाही. आणि खरं बोलायचं तर आम्ही मागितलाही नाही. गाडीवर 'प्रेस' लिहिता आलं, पोलिसांनी नाक्यावर अडवलं नाही, तहसीलदारांनी खुर्ची दिली, यातच आम्ही खूश होतो. लाचार मालकांनी केलं, पण लाचारीला मान समजण्याची चूक आमची.

दोन वर्षांपूर्वी मी जाहिराती गोळा करणं थांबवलं. पेपरने आठवड्यात दुसरा माणूस नेमला. आता झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे, घर त्यावर चालतं, बायकोच्या शिलाईवर चालतं. कमाई फार वाढलेली नाही, उगाच कुणाला भुरळ घालत नाही. पण चाळिशीनंतर मी मोजमाप पुस्तिका वाचायला शिकलो. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज टाकायला शिकलो. ई-ग्रामस्वराजवर ग्रामपंचायतीने कशावर किती खर्च दाखवलाय ते बघतो, मग प्रिंट घेऊन ग्रामसभेत जाऊन बसतो. ते तुम्ही इथं वाचताच. डिप्लोमाच्या वर्गात जे व्हायचं ठरवलं होतं, ते आता कुठं थोडं होतंय.

माझ्या जागी नेमलेला पोरगा तेवीस वर्षांचा आहे. हुशार आहे, भाषा चांगली आहे. परवा दुकानात जाहिरातींच्या बिलांच्या झेरॉक्स काढायला आला होता. म्हणाला, "दादा, वसुली नाही झाली तर माझ्याकडून कापतात का?" म्हटलं, कापतात. तू नेमणूकपत्र लेखी माग. म्हणाला, "मागितलं तर काढून टाकतील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो एकटा मागेल तर काढतीलच.

तालुक्यात आपण सगळे मिळून वीस-बावीस जण आहोत. काल एका मंडपात जेवलो. एकाच दिवशी, आपापल्या पेपरला, एकाच मजकुराचा अर्ज : नेमणूकपत्र द्या आणि थकलेली जाहिरात वार्ताहराच्या नावावर टाकणं बंद करा. पत्रकार संघाच्या अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याच्या मानधनाऐवजी स्पीड पोस्टाचा खर्च करावा. अर्ज मी टाइप करून देतो, पैसे घेणार नाही. दुकान सकाळी नऊला उघडतं.

ज्येष्ठांनी पहिली सही करावी. त्यांना काढून टाकायला आता उरलंय काय?