जुन्या गाडीच्या इंजिनाचं काम निघालं, तर बिल कोणी भरायचं?

सेकंड हँड गाडी घेतली, हार घातला, पेढे वाटले आणि पंधरा दिवसांत सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला. मेकॅनिक म्हणतो, इंजिन उघडावं लागेल. जुना मालक म्हणतो, माझ्याकडे असताना गाडी एकदम ठीक होती.

गाडी विकली की आरसी आणि विमा नव्या मालकाच्या नावावर होतात. पण आधीच्या मालकाने इंजिनाकडे केलेलं दुर्लक्ष कुठल्याच कागदावर नसतं. ते कसं ओळखायचं, दुरुस्ती कुठून सुरू करायची आणि खर्च कोणाकडे मागता येतो?

दुर्लक्षाचा परिणाम कसा दिसतो?

ऑइल वेळेवर बदललं नाही की त्याचा चिकट गाळ होतो, ऑइल जाण्याचे बारीक मार्ग तुंबतात आणि बेअरिंग, रिंगा झिजतात. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं की रेडिएटरमध्ये गंज आणि क्षार साचतात. मग इंजिन तापतं, हेड वाकतं आणि हेड गॅस्केट जातं.

धुराचा रंग बरंच काही सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. कारण बहुतेकदा रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. इंजिन गरम झाल्यावरही येत राहणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळत असल्याची शंका. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. तिथे इंजेक्टर किंवा एअर फिल्टरपासून तपासणी सुरू होते.

दोष लपवला कसा जातो?

जाड ऑइल भरलं की खडखड आणि धूर काही दिवस कमी होतो. इंजिन धुऊन घेतलं की गळतीच्या खुणा जातात. तुम्ही पोहोचण्याआधीच गाडी गरम करून ठेवली, तर सकाळच्या पहिल्या स्टार्टचा त्रास कळत नाही. स्कॅनर लावून 'चेक इंजिन'चा दिवाही घालवता येतो.

पण कोड पुसले की गाडीच्या संगणकातल्या स्वतःच्या चाचण्याही 'अपूर्ण' दाखवतात. स्कॅनरवर एकही कोड नाही आणि बहुतेक चाचण्या अपूर्ण असतील, तर कोड नुकतेच पुसले असू शकतात. बॅटरी काढल्यावरही असं होतं, म्हणून कारण विचारा.

दुरुस्ती कुठून सुरू करावी?

थेट इंजिन उघडायला होकार देऊ नका. आधी ऑइल, फिल्टर, कूलंट बदलून घ्या आणि निघालेलं ऑइल स्वतः पाहा. ते दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळलंय. धातूची चमक असेल तर आतली झीज मोठी आहे.

मग कॉम्प्रेशन टेस्ट. पेट्रोल गाडीत एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आलं, तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर दोष रिंगांकडे. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे. या फरकावर खर्च ठरतो. हेडचं काम इंजिन खाली न उतरवता होऊ शकतं. रिंग-पिस्टन आणि बोअरचं काम बरंच मोठं असतं. म्हणून टेस्टचे आकडे आणि बदललेले पार्ट मागून घ्या. पुढे दाद मागायची असेल, तर हाच पुरावा.

कायदा कोणाच्या बाजूने?

गाडी कोणाकडून घेतली, यावर ते अवलंबून आहे. डीलरकडून घेतली असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

शेजारी किंवा ओळखीच्या माणसाकडून घेतली असेल, तर तो व्यापारी नसतो आणि हा मार्ग जवळपास बंद होतो. उरतो 1872 चा करार कायदा. दोष मुद्दाम झाकला किंवा खोटं सांगितलं, तर ती फसवणूक. पण नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक ठरत नाही. त्यातही साध्या काळजीने जे कळलं असतं, ते विक्रेत्याने सांगितलं नाही म्हणून करार रद्द करता येत नाही. थोडक्यात, तपासण्याची जबाबदारी तुमची.

सरकारी नियमांनी काय बदललं?

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओकडून अधिकृत होण्याची व्यवस्था लागू झाली. डीलरकडे असलेल्या गाडीच्या फेऱ्यांची नोंद ठेवावी लागते. यामुळे गाडी कोणाच्या ताब्यात आहे हे स्पष्ट होतं. इंजिन कसं आहे हे नाही.

डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने नोंदणीकृत विक्रेत्यांसाठी सर्व जुन्या गाड्यांवर 18 टक्के दराची शिफारस केली. छोट्या गाड्यांवर आधी 12 टक्के होता. दोन व्यक्तींमधल्या खासगी व्यवहारावर हा कर नाही.

डीलरचा कर खरेदी आणि विक्री किमतीतल्या फरकावर असतो. समजा, त्याने गाडी 3 लाखांना घेतली, इंजिनावर 40 हजार खर्च केले आणि 3 लाख 60 हजारांना विकली. फरक 60 हजार, कर 10,800 रुपये. दुरुस्तीचे 40 हजार या फरकातून वजा होत नाहीत. म्हणजे खरी शिल्लक 20 हजार आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग करात. इंजिन नीट करणाऱ्यापेक्षा पॉलिश मारून विकणारा फायद्यात राहतो.

मग ग्राहकाने काय करावं?

गाडी थंड असताना पाहायला जा. आपला मेकॅनिक आणि स्कॅनर सोबत न्या. सर्व्हिसच्या नोंदी मागा. आणि विक्री करारात एक ओळ लिहून घ्या: 'इंजिन यापूर्वी उघडलेलं नाही, ओव्हरहीट झालेलं नाही'. हे खोटं निघालं, तर विक्रेता नुसता गप्प राहिला असं होत नाही. त्याने सहीनिशी खोटं सांगितलेलं असतं. विक्रेता ही ओळ लिहायला तयार नसेल, तर टोकन देण्याआधीच थांबलेलं बरं.