मुलाखत गुणवत्तेची की आडनावाची?

नांदेड, वाशीम, यवतमाळकडचे आमचे सुशिक्षित तरुण दरवर्षी प्रमाणपत्रांची फाईल बगलेत मारून पुण्या-मुंबईची वाट धरतात. सरकारी भरती आटली, उरल्या जागांवर कंत्राटदार बसला. म्हणून खाजगी कंपन्यांचे दार ठोठावण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही. तिथे आरक्षण नाही, तिथे फक्त 'मेरिट' चालते, असे छातीठोकपणे सांगितले जाते. हे मेरिट मुलाखतीच्या खोलीत कसे मोजतात, ते एकदा तपासलेच पाहिजे.

कामाचे प्रश्न लवकर आटोपतात. मग दुसरीच चौकशी सुरू होते. पूर्ण नाव सांगा. मूळ गाव कोणते? वडील काय करतात? इथे कोणाकडे उतरलात? सोमवारपासून रुजू व्हाल का? ज्याचा मामा कोथरूडला राहतो त्याच्यासाठी या गप्पा आहेत. शेतमजुराच्या पोरासाठी हीच खरी परीक्षा, आणि तिचा अभ्यासक्रम कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत!

हा आमच्या मनाचा संशय आहे काय? अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रातील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त नावाचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली. मुस्लिम नावाची तर त्याहूनही कमी. म्हणजे माणूस खुर्चीवर बसण्याआधीच आडनाव नापास! त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतील नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले, की उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' आवर्जून विचारली जाते आणि तिला वजनही दिले जाते. जात हा शब्द कोणी उच्चारत नाही. उच्चारायची गरजच काय?

त्यात परक्या शहराचा खर्च. रात्रभर एसटीने यायचे, स्टँडवर तोंड धुवायचे, इस्त्रीचा शर्ट तिथेच बदलायचा. पहिली फेरी आज, दुसरी चार दिवसांनी. मधले चार दिवस काढायचे कुठे? रेल्वे भरतीच्या परीक्षेला अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना मोफत प्रवासाचा पास मिळतो. कारण गरिबाची संधी तिकिटापाशी अडते, हे शासनाने मान्य केले आहे. खाजगी कंपनीला ते मान्य नाही. मग दुसऱ्या फेरीला न आलेल्या मुलाला 'सिरीयस नाही' म्हणून मोकळे होतात.

नोकरी मिळाली तरी खोली मिळेलच असे नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. नोकरी होती, घर नव्हते. पारशी सराईतून अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि त्यांना मुंबईला परतावे लागले. आज लाठी नाही. 'खोली कालच दिली' एवढे म्हटले की काम भागते.

मग करायचे काय? तरुणांना आमचे सांगणे आहे : वडील मजुरी करतात, हे मान वर करून सांगा आणि लगेच स्वतःच्या कामाकडे बोलणे वळवा. पहिली फेरी ऑनलाईन घ्या, पुढच्या फेऱ्या एकाच दिवशी ठेवा, असे आधीच लेखी मागा. मागितल्याने कोणी लहान होत नाही.

पण सारा भार त्यांच्याच खांद्यावर का? गिरणगावात गावमंडळाच्या खोल्या होत्या. वळकटी घेऊन आलेला माणूस तिथे उतरे. जागा, डबा आणि कामाची खबर एकाच ठिकाणी मिळे. ती माणसे शिकलेली नव्हती, पण पाठीमागून येणाऱ्याला विसरलेली नव्हती. आज शहरात आमचे इंजिनिअर आहेत, बँक अधिकारी आहेत, कर्मचारी संघटना आहेत, वस्तीवस्तीत विहारे आहेत. विहारातील एक खोली मुलाखतीला येणाऱ्या मुला-मुलींसाठी चार रात्री उघडी ठेवता येणार नाही काय? रविवारी दोन तास मुलाखतीचा सराव घेता येणार नाही काय? जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा यासाठी ठेवला, तर बाबासाहेबांना तो नक्कीच आवडेल.

आणि शासनाला? संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीत जातीवरून भेदभाव करायला मनाई करते. खाजगी कंपनीचे दार त्याच्या कक्षेबाहेर राहते. २००६ च्या सुमारास खाजगी आरक्षणाची चर्चा निघाली, तेव्हा उद्योगपतींच्या संघटना म्हणाल्या, सक्ती नको, आम्ही स्वेच्छेने करू. त्या स्वेच्छेची वाट किती पिढ्यांनी पाहायची? कामाशी संबंध नसलेले प्रश्न मुलाखतीत विचारू नयेत, आणि नाकारलेल्याला लेखी कारण मिळावे, असा कायदा हवा. ही मागणी चळवळीने रस्त्यावर आणली पाहिजे. तोपर्यंत निदान विहाराचे दार तरी आपल्या हातात आहे. ते उघडा!