व्हॉल्व्ह मेला की मारला?

हौशी रेडिओचा अँप्लिफायर मुका झाला की मंडळी आधी व्हॉल्व्हच्या नावानं बोटं मोडतात. ८०७ च्या काचेवर आतून चांदीसारखा डाग असतो. तो पांढराफटक झाला, तर हवा शिरली, खेळ संपला. नाहीतर धीर धरा. आदिलाबादेत एका मित्राचा ‘मेलेला’ ८०७ मी तपासला; हीटर शाबूत होता. सॉकेटची पिन काळवंडल्यानं त्याला ६.३ व्होल्ट पोहोचतच नव्हते! प्लेट लालभडक होत असेल, तर बहुधा ग्रिडचा ऋण बायस गेलेला किंवा ट्यूनिंग चुकलेलं. तसाच नवा व्हॉल्व्ह घातलात, तर तोही जळेल. आणि वाचकहो, प्लग काढला तरी कंडेन्सरांत शेकडो व्होल्ट दबा धरून असतात. ते उतरवून, मीटरवर शून्य पाहूनच आत हात घाला.