‘विकत घ्या’ म्हणायचं आणि भाड्यानं द्यायचं



दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी स्वाध्याय संपल्यावर आम्ही चार-पाच जणी मंदिराच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मी माझं एक रडगाणं सांगत होते. ते ऐकून एक काकू म्हणाल्या, “अगं, व्हिडिओ गेमच ते! अपरिग्रह समज आणि सोडून दे.” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी पोचेपर्यंत ते वाक्य मला टोचत राहिलं. आज काकूंची क्षमा मागून त्यालाच उत्तर देते आहे.

रडगाणं असं. माझा मुलगा यंदा बारावीत गेला आणि गेमचं मशीन आता घरात नको, असं त्यानंच सांगितलं. नणंदेचा मुलगा सांगलीला असतो, सहावीत आहे. आपल्याकडे वस्तू अशाच पुढे जातात ना? पाळणा, स्वेटर, सायकल, पाठशाळेची पुस्तकं. मी मशीन पुसलं, वायरी गुंडाळल्या आणि चेंबूरहून सांगलीला पाठवून दिलं. सोबत तीन डिस्क होत्या. बाकीचे नऊ गेम मुलानं डाउनलोड करून घेतलेले होते. वाढदिवसाचे, दिवाळीचे, आजोबांनी हातावर ठेवलेले पैसे साठवून चार वर्षांत घेतलेले. पैसे माझ्या कार्डावरून गेले, म्हणून हिशेब माझ्या वहीत आहे: १४,२०० रुपये.

दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला. “मामी, तीन चालतात. बाकीचे दिसतच नाहीत.”

मग कळलं की ते नऊ गेम मशीनचे नव्हतेच, मुलाच्या खात्याचे होते. खातं काढून मशीन रिकामं करून पाठवलं, की गेम गेले. खातं तसंच ठेवून पाठवावं, तर त्यात माझं कार्ड, मुलाचा ईमेल, त्याचे मेसेज. शिवाय पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही असा त्यांचाच नियम. मी कंपनीला तीन ईमेल केले. उत्तराचा सारांश असा, की तुम्ही गेम विकत घेतलेला नाही, तो खेळण्याचा वैयक्तिक परवाना घेतला आहे आणि तो दुसऱ्याला देता येत नाही.

मी उठले आणि त्यांचं दुकानाचं पान पुन्हा उघडून पाहिलं. बटणावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे: ‘बाय नाऊ’. ‘भाड्यानं घ्या’ असं कुठे नाही. ‘आमची मर्जी असेपर्यंत वापरा’ असंही नाही. ते सगळं आत, चाळीस पानांच्या अटींमध्ये, जिथे आपण न वाचता ‘मान्य’ म्हणून पुढे जातो.

माझी तक्रार पैशांची नाही, त्या शब्दाची आहे. भाडं आपल्याला काय नवीन आहे? पूर्वी शनिवारी रात्री व्हिडिओ कॅसेट भाड्यानं आणायचो, दुसऱ्या दिवशी परत करायचो. दुकानदार कधी म्हणाला नाही, की ही कॅसेट तुम्हाला विकली. आणि ज्यानं मारिओची कॅसेट खरंच विकली, त्यानं नंतर घरी येऊन ती काढून नेली नाही. आमच्या गल्लीतली मुलं त्या कॅसेटी एकमेकांना द्यायची, बदलून घ्यायची, कंटाळा आला की विकून टाकायची. विकत घेणं म्हणजे हेच सगळं. ते हक्क काढून घ्यायचे आणि शब्द मात्र तोच ठेवायचा, याला मी व्यापार म्हणणार नाही.

आपण व्यापाऱ्यांच्या घरातल्या बायका आहोत. अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत पाठ केलेले आठवतात का? त्यात हीनाधिक मानोन्मान आहे, म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरं. आणि प्रतिरूपक व्यवहार आहे, म्हणजे एक वस्तू दाखवून तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू गळ्यात मारणं. मालकी दाखवायची आणि परवाना द्यायचा, हे या दोन्हींत बसतं. आपल्या आजोबांनी दुकानात असं माप ठेवलं असतं, तर त्यांना मंदिरात मान वर करून बसता आलं नसतं.

हा माझ्या एकटीच्या घरातला प्रकार आहे असं समजू नका. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला होता. यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा; या कंपनीनं आपल्या पुण्यात आणि मुंबईतही स्टुडिओ काढले आहेत. एकट्यानं खेळायचा असला तरी तो गेम कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि गेम कायमचा बंद पडला. ज्यांनी डिस्क घेतली होती त्यांच्या हातात नुसती चकती राहिली. नंतर काही जणांच्या खात्यांतून परवानाही काढून घेतला. कॅलिफोर्नियातले ग्राहक कोर्टात गेले, तेव्हा कंपनीचं म्हणणं हेच होतं, की आम्ही मालकी दिलीच नव्हती, मर्यादित परवाना दिला होता.

आपल्याकडचं उदाहरण तर प्रत्येक इमारतीत घडलेलं आहे. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी होता. ३० ऑक्टोबरला भारतातले त्याचे सर्व्हर बंद झाले. मारामारीचे गेम मला मुळीच पसंत नाहीत, आणि सरकारनं बंदी का घातली यात मी शिरत नाही. पण आपल्याच मुलांनी त्यातल्या पोशाखांसाठी खरे रुपये मोजले होते, ते एका दिवसात त्यांच्या हाताबाहेर गेले. पुढे जुलै २०२१ मध्ये तो खेळ नव्या नावानं आला आणि जुन्या खात्यातलं सामान नव्यात हलवता आलं. चांगलं झालं. पण ते कंपनीनं सोय दिली म्हणून झालं, मुलांचा हक्क होता म्हणून नाही. जुलै २०२२ मध्ये तो नवाही दुकानातून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. असा दुसऱ्याच्या हातात असलेला दिवा कधी लागेल, कधी विझेल, याला आपली वस्तू म्हणायचं?

कुणी म्हणेल, सर्व्हर चालवायला खर्च येतो, कंपनीनं जन्मभर का चालवावा? मान्य आहे. चालवू नये. पण मग आधी सांगावं, की हा गेम इतकी वर्षं नक्की चालेल. आणि बंद करताना तो सर्व्हरशिवाय चालेल असा करून द्यावा, नाहीतर पैसे परत द्यावेत. हे अशक्य नाही. जीओजी नावाचं दुकान गेमची अशी फाइल देतं, जी आपण आपल्याकडे ठेवू शकतो आणि इंटरनेटशिवाय पुन्हा चढवू शकतो. युरोपात याच मागणीसाठी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम चालली आणि २०२५ मध्ये तिला १० लाखांहून जास्त लोकांच्या सह्या मिळाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, की डिजिटल वस्तू कधीही काढून घेतली जाऊ शकत असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘बाय’ हा शब्द वापरता येत नाही. तो कायदा लागू होण्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीम या सर्वांत मोठ्या गेमच्या दुकानानं पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. म्हणजे खरं लिहिता येतं. कुणी लिहायला लावलं की लिहितात.

मग आपल्याकडे का नाही? आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात सांगितलं, की तयार सॉफ्टवेअरची प्रत ही ‘वस्तू’च आहे. २ मार्च २०२१ ला दुसऱ्या एका निकालात सांगितलं, की करारावर ‘परवाना’ लिहिलेला असला, तरी असं सॉफ्टवेअर घेणारा कॉपीराइट घेत नाही, प्रत विकत घेतो. दोन्ही खटले कराचे होते, गेमचे नव्हते, हे मी कबूल करते. पण मला एवढंच विचारायचं आहे, की कर ठरवताना जी विक्री असते, ती माझ्या भाच्याच्या हातात येताना परवाना कशी होते? आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ई-कॉमर्सची व्याख्या करताना ‘डिजिटल उत्पादनं’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. म्हणजे दार उघडं आहे, ठोठावायला कुणी जात नाही.

आता काकूंच्या अपरिग्रहाकडे येते. काकू, त्याग कशाचा करतात? जे आपलं आहे त्याचा, आपल्या मनानं, आपल्या हातानं. मी ते मशीन सांगलीला पाठवलं, तो त्याग होता, छोटासा का होईना. नऊ गेम गेले तो त्याग नव्हता, मला तो करूच दिला नाही. मालकी नसेल तर दानही नाही, हे आधी लक्षात घ्या. आज गेम आहेत, उद्या पुस्तकं असतील. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉननं लोकांनी विकत घेतलेली ऑर्वेलची पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकली होती. नंतर माफी मागितली, पण काढता येतात हे दिसलं. आपल्याकडे ज्ञानदानाला किती मोठं स्थान आहे! धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतकं मूडबिद्रीत जपून ठेवल्या गेल्या, त्यांच्या नकला झाल्या, आणि १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून प्रा. हिरालाल जैन यांनी पहिला भाग छापला, तेव्हा तो घराघरात पोचला. प्रत हातात होती म्हणून नक्कल झाली. ‘परवाना संपला’ म्हणून ती प्रत कुणी पुसू शकत असतं तर?

मुलगा मला म्हणाला, “आई, माझ्या मित्रांनी चोरीचे गेम डाउनलोड केले होते. ते अजून त्यांच्याकडे आहेत. मीच मूर्ख.” मला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं. चोरून आणलेली वस्तू घेणं हाही त्याच अणुव्रताचा अतिचार आहे, तो मार्ग आपला नाही, हे मी त्याला सांगितलं आणि त्यानं ऐकलं. पण जिथे पैसे देणाऱ्याचं जातं आणि चोराचं टिकतं, तिथे मुलांना प्रामाणिकपणा कोणत्या तोंडानं शिकवायचा? कंपन्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

तोवर आपण काय करायचं ते सांगते. मूल ‘घे ना गं’ म्हणून कार्ड मागेल तेव्हा तीन प्रश्न विचारा. हे दुसऱ्याला देता येईल का? इंटरनेटशिवाय चालेल का? कंपनीनं बंद केलं तर पैसे परत मिळतील का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते भाडं आहे, आणि भाड्याएवढेच पैसे द्या. डिस्क मिळत असेल आणि ती सर्व्हरशिवाय चालत असेल, तर डिस्क घ्या. नवं मशीन घेताना डिस्कचा खण असलेलं घ्या. बिनखणाचं थोडं स्वस्त असतं, पण त्यावर जुनी डिस्क लावता येत नाही. पावती आणि त्या बटणाचा फोटो जपून ठेवा. फसवल्यासारखं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तक्रार आता आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

मुंबई ग्राहक पंचायतीत आपल्यातल्या कितीतरी जणी आहेत. १९७५ पासून डाळ-तांदूळ, साबणाच्या मापावर लक्ष ठेवणाऱ्या बायका आपण. या मापावर का नको? मी माझी तक्रार लिहायला घेतली आहे. मागणी १४,२०० रुपयांची नाही. बटणावरचा शब्द बदला, किंवा त्या शब्दाला जागा, एवढीच आहे. तुमच्या घरातही असं झालं असेल तर मला कळवा, दोघींच्या दोन तक्रारी जातील.

आणि काकू, पुढच्या उत्तम त्यागाला मी तुमच्याच शेजारी बसणार आहे.

जय जिनेंद्र.