करारनाम्यात नसलेला माणूस

जळगावच्या घरकुल प्रकरणाचा विषय निघाला की लोक पुढाऱ्यांची नावे घेतात. आम्हांला हिशेब आठवतो. नव्वदच्या दशकात तत्कालीन नगरपालिकेने हुडकोचे कर्ज उचलून गरिबांसाठी ११,४२४ घरे बांधायला घेतली. पुरी झाली सुमारे १,५००! २००६ साली तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी धरले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षे कैद व १०० कोटी दंड ठोठावला. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले गेली.

पण ज्याचे घर उभे राहिले नाही, त्याचे काय? १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७३ भरपाई देते ती करारातल्या पक्षाला. पक्ष दोन : पालिका आणि ठेकेदार. ज्याच्या नावाने कर्ज निघाले तो झोपडीतला माणूस कायद्याच्या लेखी त्रयस्थ. कर्जाचा बोजा मात्र शहराच्या डोक्यावर राहिला.

२०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ खाली दंडातून भरपाई देता येत असे, अपील न्यायालयालाही. अट अशी की नुकसान दिवाणी न्यायालयात वसूल होण्याजोगे असावे, आणि ते दाखवायला कागद लागतो. ज्या बांधवांकडे त्या वेळच्या अर्जाची पोच असेल त्यांनी ती जुनी झाली म्हणून रद्दीत घालू नये.